तीन मिस्ड कॉल

फेब्रुवारी २०२४. हैदराबादच्या एचआयसीसीत ‘बायोएशिया’ परिषद चालू होती. त्या वर्षीचा विषय डेटा आणि एआय. कंपनीने पाठवलं म्हणून गेलो होतो. गळ्यात बॅज, हातात फुकटची कॉफी. मी पुण्यात एका हेल्थ-टेक कंपनीत कोड लिहितो, त्यामुळे तिथली भाषा मला कळत होती. एका स्टॉलवर मेंदूचा सीटी स्कॅन काही क्षणांत वाचून ‘इथे गुठळी आहे’ असं दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. डेमो देणारा मुलगा उत्साहात म्हणाला, “सर, इथे प्रत्येक मिनिट वाचतं.”

मी मान डोलावली आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. कारण मिनिटांचा हिशोब मला पाठ आहे.

आमचं गाव नांदगाव. कणकवलीच्या अलीकडे, मुंबई-गोवा हायवेला लागून. त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका सकाळी नऊच्या सुमारास बाबांच्या हातातला चहाचा कप पडला. आईला वाटलं, थकवा असेल. तिने तेल लावून हात चोळला आणि मला फोन केला. तीनदा. मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. सव्वादहाला बाहेर येऊन परत फोन केला.

“खंय होतंस रे? बाबांका बोलूक येना नाय.”

मग शेजाऱ्यांची गाडी, धो धो पाऊस, वाटेतला पहिला दवाखाना. तिथे सीटी स्कॅन नव्हतं. पुढे गोव्याकडे. स्कॅन झाला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही स्कॅन करूनच, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच औषध घात करतं. उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. हे सगळं मी नंतर, बाबांच्या खाटेशेजारी बसून मोबाईलवर वाचलं. आमचे सहा तास गेले होते. त्यातला सव्वा तास माझा होता.

हैदराबादच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये खोट काहीच नव्हती. पण त्याचं घड्याळ स्कॅन झाल्यावर सुरू होतं. बाबांचं घड्याळ स्वयंपाकघरात सुरू झालं होतं.

परतीच्या बसमध्ये मला डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं दगावायची. बावस्कर रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवायचे. त्यातून त्यांना कळलं, की विषाने हृदय कोलमडतं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध इथे जीव वाचवू शकतं. १९८२ मध्ये त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ४० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू पुढे १ टक्क्यावर आले. तंत्रज्ञान म्हणाल तर एक वही, एक गोळी आणि न झोपणारा माणूस.

मी काही बावस्कर नाही. पण घड्याळ कुठे सुरू होतं, एवढं तरी मला कळलं होतं. मार्चमध्ये गावी गेलो तेव्हा एक कागद छापून नेला. मोठ्या अक्षरात, मालवणीत: तोंड वाकडा झाला? हात वर जायना नाय? बोलणा अडखळता? वेळ बघा, १०८ लावा. तेल लावू नको. खाली, जवळ सीटी स्कॅन कुठे होतो त्या ठिकाणांचे फोन नंबर. ते मी एकेकाला फोन करून तपासले होते, कारण सरकारी यादीतला नंबर लागेलच असं नाही.

आईने कागद फ्रिजवर चिकटवला. मी तिला परिषदेचे फोटो दाखवले, स्कॅन वाचणारं मशीनही. तिने सगळं नीट बघितलं. मग म्हणाली, “बरा आसा. पण तू आधी फोन उचलत जा.”

आता तिचा नंबर सायलेंटवरही वाजतो. मोबाईलमध्ये ती सोय आधीपासूनच होती, लावायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बाबा डाव्या हाताने कप धरायला शिकलेत. गेल्या महिन्यात वाडीतल्या दोघांनी तो कागद मागून नेला. मी आणखी पन्नास छापून आणलेत.