पावसाळ्यातील बाहुबली दर्शन आणि जुनी गाडी

कुंभोजगिरीवरील भगवान बाहुबलींची 28 फुटी संगमरवरी मूर्ती चातुर्मासात पावसाने न्हाऊन निघते. ते दर्शन घेऊन परतताना आमची कार्बोरेटरची जुनी मारुती 800 मधूनच आचके देऊ लागली. मातोश्रींचा रात्रिभोजनत्यागाचा नियम. सूर्यास्तापूर्वी जयसिंगपूर गाठणे आवश्यक होते.

वाटेतील मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली. आत ओल आणि केसाएवढी चीर. अशा ओलाव्यातून वीज गळते व प्लगला ठिणगी मिळत नाही. इंजिनाच्या उष्णतेने ओल सुकली की दोष लपतो. म्हणून कोरड्या दिवशी गॅरेजात तो सापडत नाही. ओल असतानाच शोधावा. कॅप व वायरी पुसताच गाडी सुरळीत चालली. मातोश्रींचे भोजन वेळेत झाले. चिरलेली कॅप दुसऱ्या दिवशी बदलली.