पातेऱ्यातला कस्तूर

कस्तूर पान उलटतो ते चोचीने. कोंबडीसारखं पायाने उकरणं त्याच्या स्वभावात नाही. दोन-तीन उड्या, मग एकदम थांबणं, मान किंचित तिरकी. मग वाळक्या पानाची कड चोचीत पकडून ते बाजूला भिरकावायचं आणि खाली वळवळेल ते टिपायचं. गांडूळ, अळी, बारीकशी गोगलगाय. पुन्हा दोन उड्या. उंबराखाली पिकलेली फळं पडली असतील तर तीही चालतात.

नारिंगी डोक्याचा कस्तूर म्हणतात तो हा. साळुंकीहून जरा लहान. डोकं आणि छाती नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा डाग. आपल्या सह्याद्रीतल्या कस्तुराचा गळा आणि गाल पांढरे असतात, आणि गालांवर दोन काळसर उभे पट्टे उतरलेले असतात. हिमालयाच्या पायथ्याकडच्या त्याच्या भाऊबंदांना ते पट्टे नसतात. एवढे रंग अंगावर बाळगूनही तो चटकन दिसत नाही, कारण चाहूल लागली की तो आहे तिथे गोठतो. कवडशांच्या सावलीत मग पान कुठलं आणि पक्षी कुठला, कळत नाही.

गुहागरजवळच्या आमच्या आगरात तो बारा महिने असायचा. शिंपण्याचं पाणी पाटाने पोफळींच्या आळ्याआळ्यांतून फिरे, त्यामुळे वैशाखात डोंगर करपले तरी आगराची माती ओली राही. आजी आगरातला पातेरा कुणाला जाळू देत नसे. भाजावळीसाठी लागेल तो डोंगरातून आणायचा. "आगरातलं आगरात कुजू दे," हा तिचा दंडक. तिला काळजी पोफळींच्या मुळांची होती. पण त्या कुजत्या थरात किडे, किड्यांमागे कस्तूर, असा संसार तिच्या दंडकावरच उभा होता, हे मला फार पुढे उमगलं.

पावसाच्या तोंडावर हाच मुकाट पक्षी गाऊ लागतो. जमीन सोडून झाडावर चढतो आणि पहाटे पानांच्या आडून गात राहतो. स्वर भरलेला, गोड, आणि मध्येच बुलबुलाची किंवा शिंप्याची हुबेहूब नक्कल. घरटंही याच दिवसांत. फार उंचावर नाही. आंब्यासारख्या झाडाच्या बेचक्यात काड्या आणि मुळ्यांची उथळ वाटी, त्यात तीन-चार अंडी. ओल्या मातीत गांडुळं वर येतात तेव्हाच पिलांची तोंडं उघडलेली असतात. हा मेळ मला अजून थक्क करतो.

शिकायला पुण्यात आलो आणि तो पुन्हा भेटला, सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत, ओढ्याकाठी. भल्या सकाळी आणि तिन्हीसांजेला, उजेड मऊ असताना. उन्हं वर आली की तो झाडोऱ्यात शिरे. त्या दरीने मला बसून राहायला शिकवलं.

पुढे नोकरी, घर, सोसायटी. इथे जांभूळ आहे, उंबर आहे, पण हिवाळा लागला की सगळी पानं झाडून ढीग पेटायचा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत कचरा जाळायला बंदी घातली, तरी गल्लोगल्ली हा धूर निघतोच. धुराचा त्रास माणसाला होतो, त्याबद्दल निदान तक्रार तरी होते. पण पानांखालची माती उघडी पडून कडक होते आणि गांडुळं खोल जातात, त्याबद्दल कोण बोलणार? माळीदादांशी बोलून पंपघरामागचा उंबराखालचा तुकडा न झाडता ठेवला. डासांची, सापांची शंका निघालीच. डास साचलेल्या पाण्यात होतात, पानांत नाही, हे समजावण्यात वेळ गेला. पाचोळ्याचा थर बसल्यावर एका थंडीत कस्तूर आला आणि काही आठवडे राहिला. घरटं मात्र त्याने इथे केलेलं नाही. तेवढी दाट सावली अजून नाही.

आपल्या आवारात आंबा, फणस, उंबर असं एखादं झाड असेल तर त्याच्या बुंध्याभोवतीची पानं झाडू नका. शेजारी पाण्याची उथळ थाळी ठेवा, रोज बदला, आणि मांजर तिकडे दबा धरून बसणार नाही एवढं पाहा.