गहुंजेच्या स्टेडियमवर अब्बांसोबत

अब्बांनी आयुष्यभर क्रिकेट ऐकले, पाहिले मात्र फार थोडे. कन्हेरीत उसाला पाणी देताना बांधावर ठेवलेला ट्रान्झिस्टर आणि त्यावर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन, हेच त्यांचे स्टेडियम. पुढे घरात टीव्ही आला. तरी अब्बा डोळे मिटूनच मॅच ऐकायचे.

आमच्या लहानपणी मॅचच्या दिवशी त्यांचा एक नियम असे. समोर पाकिस्तान असेल, तर आम्ही भावंडांनी चौकात जायचे नाही. भारत जिंकला तर इतरांपेक्षा मोठ्याने ओरडायचे, हरला तर मुकाट घरात यायचे. या नियमाचे कारण अब्बांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा नियम असेल, त्यांना कारण सांगायला नको.

२०२० च्या फेब्रुवारीत बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडा संकुलात महाराष्ट्राचा रणजी सामना झाला. गावातली पोरे जाऊन आली, पण अब्बांच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. तेव्हाच मी ठरवले होते, यांना एकदा मोठे मैदान दाखवायचे. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने पुण्याला मिळाले. त्यात भारताचा एकच होता, बांगलादेशविरुद्धचा. त्याची तिकिटे काही हाती लागली नाहीत. मिळाली ती ३० ऑक्टोबरची, अफगाणिस्तान विरुद्ध श्रीलंका.

अब्बा तिकीट बघून म्हणाले, "इंडियाची मॅच असती तर बरं झालं असतं. तिथं कुणासाठी टाळ्या वाजवायच्या ते ठरलेलं असतं."

सोमवार होता. फजरनंतर थोड्या वेळाने आम्ही चौघे निघालो: अब्बा, मी, मुलीची अम्मी आणि आठवीतली मुलगी. मोरगाव, जेजुरी, सासवड. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. अब्बांनी परतताना घ्यायची म्हणून दोन पाट्या नजरेने हेरून ठेवल्या. दिवे घाट उतरून पुणे ओलांडायला जेवढा वेळ लागला, तेवढा कन्हेरीहून हडपसरला यायलाही लागला नव्हता. गहुंजे हे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाला लागूनच आहे. वळणावरूनच दिव्यांचे उंच मनोरे दिसू लागतात.

घरची माणसे घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. डबा, पाण्याची बाटली, सुटी नाणी यांना आत परवानगी नसते. आम्ही खिमा आणि भाकरी पार्किंगमध्ये गाडीतच खाल्ली आणि तिथेच जोहरची नमाज पढून घेतली. दुसरे म्हणजे, दुपारी ऊन अंगावर येते, टोपी आणि रुमाल हवाच. झडतीच्या वेळी पोलिसाला अब्बांच्या खिशात तस्बीह लागली. त्याने ती दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाला, "जावा चाचा, सावकाश. पायऱ्या आहेत."

जिना चढून आम्ही वर आलो आणि अब्बा थांबले. खाली खोलगट वाटीसारखे हिरवेगार मैदान, पलीकडे सह्याद्रीचे डोंगर. हे स्टेडियम ब्रिटनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्स या संस्थेने रेखाटले आणि २०१२ मध्ये ते सुरू झाले. सुमारे ३७ हजार माणसे बसतात. याच मैदानावर २०१७ च्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने १२ बळी घेऊन भारताला तीन दिवसांत हरवले, आणि २०१९ मध्ये विराट कोहलीने नाबाद २५४ केले. मी हे सगळे सांगत होतो. अब्बांनी फक्त एवढेच विचारले, "एवढ्या गवताला पाणी किती लागत असेल?"

सगळ्या खुर्च्या भरलेल्या नव्हत्या, तरी आवाजाची कमी नव्हती. पुण्यात शिकणारी अफगाणी मुले काळे-लाल-हिरवे झेंडे घेऊन आली होती. आमच्या शेजारी पिंपरीच्या कॉलेजची आठ-दहा पोरे होती. त्यांनी गालांवर तेच रंग लावले होते आणि "गणपती बाप्पा मोरया" झाले की लगेच "अफगाणिस्तान, अफगाणिस्तान" सुरू होत असे. अब्बा हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

त्या दिवशी राशिद खानचा शंभरावा एकदिवसीय सामना होता. हेरातच्या भूकंपग्रस्तांसाठी त्याने या विश्वचषकाचे सारे मानधन देऊ केले होते. तो गोलंदाजीला आला तेव्हा सगळे स्टँड उभे राहिले. अब्बाही उभे राहिले, पण पुढच्याचे डोके आडवे येत होते म्हणून. फझलहक फारुकीने चार बळी घेतले आणि श्रीलंका २४१ मध्ये आटोपली.

असरला अब्बा उठले, तेव्हा शेजारच्या पोराने विचारले, "काका, कंटाळलात का?" नमाजला जातोय म्हटल्यावर तो म्हणाला, "जा निवांत, जागा मी धरतो." स्टँडच्या मागे, जिन्याखाली, रुमाल अंथरून आम्ही नमाज पढली. मगरिब डावांच्या मधल्या सुट्टीत झाली. तेव्हा तिथे चार अफगाणी विद्यार्थीही होते. त्यांनी अब्बांना पुढे उभे केले.

अफगाणिस्तानचा गुरबाज पहिल्याच षटकात शून्यावर गेला. मग रहमत शाहने ६२ केल्या. एक षटकार प्रेक्षकांत पडला, तो चेंडू परत मैदानात फेकला गेला. मुलगी शाळेत सॉफ्टबॉल खेळते. तिने सांगितले, "अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानात ज्याच्या हातात येईल, बॉल त्याचाच." अब्बांना ते फारच उधळेपणाचे वाटले.

कर्णधार शाहिदी आणि ओमरझाई यांची जोडी जमली तेव्हा तो शेजारचा पोरगा अब्बांकडे वळला. "काका, टाळ्या वाजवा की! तुम्ही कोणाकडून?"

हाच तो प्रश्न. अब्बांनी माझ्याकडे पाहिले. माझाही घसा कोरडा पडला. मग ते म्हणाले, "जो चांगला खेळेल त्याच्याकडून."

"मग अफगाणिस्तानच!" पोरगा म्हणाला आणि त्याने त्यांच्या हातात आपला कागदी झेंडा दिला. अब्बांनी तो मांडीवर नीट ठेवला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. सात गडी राखून अफगाणिस्तान जिंकले तेव्हा त्यांचे तळहात लाल झाले होते.

निर्वासितांच्या छावण्यांत क्रिकेट शिकलेल्या पोरांनी त्याच महिन्यात इंग्लंड आणि पाकिस्तानलाही हरवले होते. परतताना गाडीत मी ते कौतुकाने सांगत होतो. मुलीने मधेच विचारले, "आणि त्यांच्या मुलींची टीम?" मला सांगावे लागले की २०२१ नंतर ती उरली नाही, त्यातल्या बऱ्याच जणींनी देश सोडून ऑस्ट्रेलिया गाठले, आणि तिच्या वयाच्या मुलींना तिथे हायस्कूललाही जाता येत नाही. गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. सासवडजवळ अब्बा म्हणाले, "पोरीनं बरोबर विचारलं." सीताफळवाले केव्हाच घरी गेले होते.

कन्हेरीत पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारले, "चाचा, काल काय झालं?" मी मागेच उभा होतो. अब्बा म्हणाले, "मॅच आपली नव्हती. पण टाळ्या लई वाजवल्या."

तेही अगदी मोठ्याने, भर चौकात.