नोकरी, शेती आणि ‘मी’

येळ्ळूरच्या शिवारात आमची दीड एकर भातशेती आहे. नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, हिशेब खात्यात. "दोन्ही कसं काय जमवतोस?" असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचो, "जमवतो कसंतरी."

पण पिकाला आपल्या ऑफिसचं वेळापत्रक माहीत नसतं. जूनच्या तोंडावर कुरीने पेरणी, पावसात भांगलण, नोव्हेंबरात सुगी. इकडे दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची. सुगी आणि 20 तारीख हमखास एकमेकींना आडव्या येतात.

तीन वर्षांपूर्वी तसंच झालं. भात कापून शेतात पडलं होतं आणि नेमकं 20 तारखेला दुपारी आभाळ भरून आलं. साहेबांनी सोडलं नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं. साडेसहाला अंधारातच शेतात पोचलो, तर भात गोळा करून त्यावर ताडपत्री ओढलेली. बायको शाळेत शिकवून परस्पर तिकडे आली होती. आई गुडघे धरून बांधावर बसली होती. मुलगा मोबाईलच्या उजेडात ताडपत्रीच्या कडेला दगड ठेवत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा गणिताचा पेपर होता.

रात्री पाऊस कोसळला. भात वाचलं. जेवताना बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगता, मी नोकरी सांभाळून शेती करतो. त्यातला ‘मी’ कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या सुगीनंतर आम्ही चौघे कॅलेंडर घेऊन बसलो. अर्धी जमीन शेजाऱ्यांना वाट्याने दिली. उत्पन्न घटलं, ते मान्य केलं. सुगीची रजा मी आता जूनमध्येच मागून ठेवतो आणि नोव्हेंबरात भरायचे कागद चार दिवस आधी तयार करतो. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर पेरायची की नाही, हे बायको ठरवते. तांदळाचे पैसेही तिच्याच खात्यात जातात. परीक्षेच्या आठवड्यात नातवाला शेतात बोलवायचं नाही, हा आईचा नियम.

तुमच्यातले बरेच जण नोकरी करून गावची शेती राखायची म्हणतात. जरूर राखा. पण आधी घरात एवढं विचारा : आपण ऑफिसात असताना आभाळ भरून आलं, तर ताडपत्री कोण ओढणार?