शिवणाच्या मावशींची वही आणि माझी कंबर

आमच्या खान्देशात बाईच्या वजनावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. लग्नात, बारशात, एसटी स्टँडवर, कुठेही. "बरीच सुटलीस की गं" नाहीतर "काय गं, वाळलीस किती, बरं नाही का?" सगळा हिशोब डोळ्यांचा. आणि त्यातही डोळा जातो तो चेहऱ्यावर आणि दंडांवर. पोट पदराखाली असतं, ते कुणी बघत नाही. पन्नाशीच्या आसपास नेमकं तिथेच सगळं घडत असतं, म्हणून आज जरा पोटाबद्दल लिहायचं ठरवलंय. नातेवाईक मंडळी वाचतात याची कल्पना आहे. वाचा.

माझं सासर जळगावचं, माहेर धुळ्याचं. लग्नाला पंचवीस वर्षं कधीच उलटून गेली, तरी ब्लाऊज शिवायचे ते धुळ्यालाच. त्यासाठी एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने जायचं, याला आमचे अहो हसतात. पण आमच्या शिवणाच्या मावशींकडे एक वही आहे. लांबुळकी, खतावणीसारखी, पुठ्ठा सुटलेला. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. छाती, घेर, दंड, बाही, तारीख. माझं पान १९९७ च्या लग्नाच्या ब्लाऊजपासून सुरू होतं. २०१८ च्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नासाठी माप द्यायला गेले, तेव्हा मावशींनी माप घेतलं, वहीत बघितलं, पुन्हा माप घेतलं. दंड चार वर्षांपूर्वी होता तेवढाच. खालचा घेर दोन इंचांनी वाढलेला. मी म्हटलं, "मावशी, वजन तर फारसं वाढलं नाही माझं." त्यांनी मानही वर न करता सांगितलं, "पंचेचाळीशीनंतर सगळ्या बायासनं आसंच शे माय." आणि चार-पाच पानं उलटून दाखवली, नावावर बोट ठेवून, दिसू न देता. खरंच सगळ्यांचं तसंच.

तेव्हा मी पंचेचाळीस पूर्ण केली होती. पाळी अनियमित व्हायला लागली होती. जळगावच्या मे महिन्यात बाईला गरमीची लाट आली की ती शरीरातून आली की आकाशातून, हे कळायला मार्ग नाही. ४४ अंशांत सगळेच घामाघूम, तुमचा मेनोपॉज कुणाच्या लक्षात येणार? मला कळलं ते जानेवारीत, पहाटे रजई फेकून उठून बसले तेव्हा.

एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजन केलं, थायरॉइडची तपासणी सांगितली, ती नॉर्मल आली. मग म्हणाले, जेवण कमी करा, भात बंद करा, बाकी काही नाही. टेप त्यांच्याकडे नव्हतीच. नंतर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी वेळ देऊन समजावलं, आणि मग मी स्वतः वाचत गेले. त्यातलं जे मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन चरबीला एक पत्ता देऊन ठेवतं. मांड्या, नितंब, म्हणजे शिंप्याच्या भाषेत सीट. ती चरबी कातडीखालची, बऱ्यापैकी निरुपद्रवी. चाळिशीच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन आधी हेलकावे खातं आणि मग उतरतं, तेव्हा हा पत्ता बदलतो. नवी चरबी पोटात जाते, आणि तीही आत, आतडी-यकृताच्या भोवती. ही आतली चरबी गप्प बसत नाही. तिच्यातून निघालेली द्रव्यं आणि फॅटी ॲसिड यकृताकडे जातात, इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. त्यात झोपेची वाट लागलेली असते, आणि झोप कमी झाली की भूकही बिघडते. गंमत म्हणजे पाळी गेल्यावर शरीरात जे थोडं इस्ट्रोजेन बनतं, ते बरंचसं याच चरबीत बनतं. म्हणजे चरबी अगदी बिनकामाची नाही, पण घर तिने चुकीचं निवडलं.

अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेला 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास आहे. हजारो बायकांना चाळिशीपासून पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यातल्या काहीजणींच्या शरीरातली चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजले होते, आणि २०१९ मध्ये ते निष्कर्ष आले. शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधी चरबी वाढायचा वेग दुप्पट होतो, त्याच सुमारास स्नायू घटायला लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षांनी हे थांबून रेघ आडवी होते. पण वजन? वजनाची रेघ सरळच चढत असते, मेनोपॉजपाशी तिला वळणच नाही! चरबी आली, स्नायू गेले, काट्याला पत्ताच नाही. त्या अभ्यासात भारतीय बायकांचा गट नाही. पण आमच्या मावशींच्या वहीत आहे की :)

आणि हे "मेटाबॉलिझम मंदावला" प्रकरण. २०२१ मध्ये जगभरातल्या हजारो माणसांवरून एक मोजमाप प्रसिद्ध झालं. शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तसाच राहतो. त्यामुळे मेटाबॉलिझम वाढवायच्या पावडरी विकणारी जी कुणी ओळखीची बाई तुमच्याकडे येत असेल, तिला चहा द्या आणि निरोप द्या.

तर मी २०१९ च्या जानेवारीपासून मोजायला लागले. वही नवी नाही घेतली. गॅस सिलिंडरच्या तारखा आणि दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिते, त्यावरच. पाळीच्या तारखा तिथे आधीपासून होत्याच, बारीक टिंब देऊन. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी, कंबर आणि सीट. कंबर म्हणजे साडी नेसतो ती जागा नव्हे, बेंबीसुद्धा नव्हे. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपून घ्यायचं, त्यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, श्वास सहज सोडून द्यायचा, पोट आत ओढायचं नाही (हे सगळ्यात अवघड), आणि दोनदा मोजायचं. कापडी टेप जुनी झाली की ताणते, म्हणून वर्षातून एकदा मुलाच्या स्टीलच्या पट्टीशी ताडून बघते. एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे होतोच, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. दिवाळीनंतरच्या आकड्याकडेही नाही. तीन-चार महिन्यांची दिशा बघायची.

मुलाने हौसेने चरबीची टक्केवारी सांगणारा काटा आणला होता. तो अंगातून बारीकसा प्रवाह सोडून पाण्याच्या अंदाजावरून चरबी सांगतो. जळगावच्या उन्हाळ्यात बाजारातून येऊन त्यावर उभं राहिलं की चरबी वाढलेली आणि दोन तांबे पाणी पिऊन तासाभराने उभं राहिलं की कमी. आता तो काटा अहोंच्या ताब्यात आहे. त्यांची कंबर मी मोजली तर ९८ भरली. भारतीय पुरुषाला ९०, बाईला ८० ही धोक्याची रेघ धरतात. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वर्षाला थोडंथोडं उतरतं, आमच्यासारखा कडा कोसळत नाही. त्यामुळे त्यांना "हार्मोन्स" म्हणायची सोय नाही, शेवभाजीच म्हणावं लागतं. असो.

माझे आकडे असे. जानेवारी २०१९, वजन ६१ किलो, कंबर ८१, सीट १०१. शेवटचं टिंब ऑक्टोबर २०२० मध्ये. ते शेवटचं होतं हे अर्थात त्या दिवशी कळत नाही, पुढे बारा महिने कोरे गेल्यावरच पाळी गेली असं म्हणतात. जानेवारी २०२३, वजन ६३, कंबर ९०, सीट ९९. दोन किलोंत नऊ सेंटीमीटर! त्यानंतर आजपर्यंत कंबर ८८ ते ९१ च्या मध्ये घुटमळते आहे. कॅलेंडरांची पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा मला रडू नाही आलं, उलट बरं वाटलं. आपण काही पाप केलेलं नाही, हा एक टप्पा होता, त्याला सुरुवात होती आणि शेवटही दिसतोय, एवढं कळलं.

पण हे सगळं लिहायचं कारण मी नाही. कारण माझी ताई.

ताई धुळ्यालाच असते, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उंची जेमतेम १५० सेंटीमीटर, वजन ४८, हातापायांच्या काड्या. सगळ्या लग्नांत तिचं कौतुक, "बघा, सून आली तरी कशी राहिलीय." तिलाही त्याचा अभिमान. आमची आईही अशीच होती. आईला मधुमेह आहे हे कळलं, तेव्हा तिच्या किडन्या निम्म्या गेल्या होत्या. आधी कुणी तपासलंच नाही, कारण एवढ्या बारीक बाईला कसली आलीय शुगर? २०११ मध्ये ती गेली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं यावरच काम करत आले आहेत. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी, यालाच 'थिन-फॅट' म्हणतात, आणि आपण भारतीय बरेचसे जन्मतःच तसे असतो. त्यावर मेनोपॉज आला की काय होईल, याचा विचार करून माझ्या पोटात गोळा आला होता.

२०२३ च्या अखाजीला मी धुळ्याला गेले. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर दुपारी पर्समधून टेप काढली. ताई म्हणाली, "मला काय मोजतेस, स्वतःला मोज." मी म्हटलं, माझं झालंय. ती उठून भांडी घासायला गेली. कामवाली येणार होती तरी. मी मागोमाग मोरीपाशी गेले आणि म्हटलं, आईला कुणी मोजलं असतं तर? हे बोलायला नको होतं असं ताईच्या सुनेला वाटलं असावं, ती आत निघून गेली. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग ओल्या हातांनीच पदर बाजूला करून उभी राहिली. ८३.

उंचीच्या निम्म्यापेक्षा कंबर कमी हवी, असा एक सोपा नियम आहे. ताईची ७५ च्या आत हवी. मे महिन्यात तिने तीन महिन्यांची साखर तपासली, ६.३ आली. मधुमेह साडेसहापासून, त्यामुळे कुंपणावर. आई ज्या दारातून गेली त्याच दारात, पण अजून बाहेर.

ताईचा पहिला उपाय म्हणजे रात्रीचं जेवण बंद. तो मी फोनवर भांडून सोडवला. तिच्याकडे स्नायू आहेतच किती, उपाशी राहून तेही जायचे. चतुर्थीच्या साबुदाण्यावरूनही भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. कळण्याची भाकरी मात्र तिने पुन्हा सुरू केली. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले, वांग्याचं भरीत असलं की वेगळं काही लागत नाही. शिवाय दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन पाटावरून उठबस. व्यायामशाळेत ती या जन्मी जाणार नाही. पांझरेच्या काठाने चालायला जाते, पण नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत, म्हणून बाटल्या.

हार्मोनच्या गोळ्या घेऊ का, असंही तिने विचारलं होतं. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं म्हणणं, त्या गरमीच्या लाटा, झोप, हाडं यांसाठी असतात. पोटावरची चरबी त्यांनी थोडी कमी साठते असं दिसतं, पण तेवढ्यासाठी कुणी देत नाही. आणि ताईची पाळी पंचेचाळीसाव्या वर्षीच गेलेली, दहा वर्षं उलटल्यावर नव्याने सुरू करायला डॉक्टर सहसा तयार नसतात. तो विषय तिथेच संपला.

तिचे आकडे ती मला सांगत नाही. साखर पुन्हा तपासली एवढंच कळलं, किती ते नाही. पण सुनेने परवा सांगितलं, आत्यांच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असतं, आणि विचारलं की दुधाचा हिशोब म्हणतात.