चावीमागची वायर

आज दिवसभर जुन्या झेनच्या डॅशबोर्डखाली डोकं खुपसून पडलो होतो. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरच्या कंट्रोलरला वीज कुठून द्यायची, एवढाच प्रश्न. गेल्या खेपेला आळसाने रेडिओच्या वायरीला जोड मारला होता. सेन्सरचा हीटर पेटला की व्होल्टेज पडायचं. हा हीटर भलता खादाड, सेन्सरचं टोक ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो. आता बॅटरीवरून फ्यूज, मग रिले, आणि रिलेला इशारा चावीचा. कारण इंजिन चालू अन् सेन्सर थंड राहिला, तर काजळी धरून मरतो. अर्थिंगही थेट इंजिन ब्लॉकला. पत्र्यावरच्या गंजक्या स्क्रूने दोन आठवडे खोटे आकडे दाखवले होते, लबाड! संध्याकाळी हवा-इंधन प्रमाणाचा आकडा १४.७ पाशी घुटमळला. बायको म्हणाली, "आधी हात धू."