जावक क्रमांक

आप्पांनी तहसील कचेरीत तीस वर्षं नोटिसा काढल्या. 'सबब आपणांस कळविण्यात येते की' हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. त्यामुळे सरकारच्या नावाने त्यांना कुणी फसवेल असं मला कधी वाटलंच नाही. झालं उलटंच. व्हॉट्सॲपवर आलेला तो कागद इंग्रजीत होता, पण घडण ओळखीची होती: क्रमांक, विषय, गोल शिक्का, सही. ज्या कागदाने जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे उतरताना त्यांनी पाहिले, तो आता त्यांच्या नावाने निघाला होता.

तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय, त्यावरून मनी लाँडरिंग झालंय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस. दोन दिवस आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, मोबाईल तांब्याला टेकवून खोलीत बसले. आईला म्हणाले, पेन्शनचं काम आहे. बँकेतल्या मुलीने विचारलंही, "काका, ठेव मुदतीआधी का मोडताय?" घरगुती अडचण, असं सांगायला त्यांना बजावलेलं होतं. तेवढं एक खोटं ते बोलले. 'पडताळणी'साठी सहा लाख गेले.

फोनवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं आणि आप्पांनी ते ऐकलंही होतं. ऐकलेलं अशा वेळी आठवत नाही, एवढंच. त्याच वर्षी वर्धमान उद्योगसमूहाचे 82 वर्षांचे प्रमुख एस. पी. ओसवाल सात कोटींना फसले. त्यांच्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली होती, तोतया सरन्यायाधीशासकट. अडाणी म्हातारी माणसं फसतात, असं म्हणणाऱ्यांनी यावर बोलावं.

तोतया हा शब्द आपल्याला नवा नाही. 1761 साली पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे उभा राहिला. भाऊ जिवंत असावेत असं लोकांना मनापासून वाटत होतं, त्यावर तो जगला. आजचा तोतया अब्रूवर जगतो. जो कधी कोर्टाची पायरी चढला नाही, ज्याने घरपट्टी मुदतीच्या आत भरली, हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात न चुकता दिला, तोच त्याला लवकर सापडतो. निर्ढावलेल्या माणसाने फोन आपटला असता.

मला कळलं ते महिन्याने. 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत गोठवण्याची शक्यता असते. नंतर ते या खात्यातून त्या खात्यात पांगत जातात. मी पहिलं वाक्य बोललो ते "अहो, तुम्हीसुद्धा?" आणि दुसरं, "आधी का नाही सांगितलंत?"

"तू ओरडला असतास," आप्पा म्हणाले.

कुणाला सांगू नका, ही अट त्या टोळीची. पण फोन बंद झाल्यावरही महिनाभर ती पाळली गेली, ती माझ्या भरवशावर. मोबाईलवर चुकीचं बटण दाबलं गेलं की मी टाकलेला सुस्कारा, 'किती वेळा सांगायचं' हे वाक्य, त्यांच्या हातातून फोन काढून घेण्याची माझी घाई... टोळीला हे काही माहीत नव्हतं. माहीत असण्याची गरजही नसावी. घरोघरी असा एक मुलगा त्यांनी गृहीत धरलेला असणार.

तक्रार नोंदवली. पैसे आलेले नाहीत. आता टेलिफोनच्या जुन्या कोनाड्यावर आप्पांच्या वळणदार अक्षरातला कागद चिकटवलेला आहे. जावक क्रमांक 1. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अटक फोनवर होत नाही. संशय आल्यास फोन ठेवून चिरंजीवांस कळवावे. वेळ पाहू नये.' प्रत माहितीसाठी: सौ.

परवा रात्री पावणेबाराला फोन वाजला. "झोपला नाहीस ना? वीज तोडणार असा मेसेज आलाय. खोटाच असेल म्हणा."

"वाचून दाखवा," मी म्हणालो आणि दिवा लावला.